तारुण्यपीटिका आणि उष्णतेवरील आळ
वाशीम जिल्ह्यात, विशेषतः उन्हाळ्यात, मुलामुलींच्या मुखावर पुटकुळ्या उमटल्या की वडीलधारी मंडळी तत्काळ उष्णतेवर किंवा अस्वच्छतेवर ठपका ठेवतात. परंतु वयात येताना वाढणाऱ्या संप्रेरकांमुळे तैलग्रंथी अधिक स्रवतात, रोमरंध्रे कोंदतात आणि तेथील जंतूंमुळे दाह होतो, हे वास्तविक कारण असल्याने वारंवार साबणाने तोंड घासणे निष्फळ, किंबहुना अपायकारक ठरते. लिंबू आणि टूथपेस्टनेही त्वचा पोळते. याहून चिंताजनक गोष्ट स्टेरॉइडमिश्रित मलमांची: 2018 साली सरकारने अशा अनेक मलमांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीविना होणाऱ्या विक्रीस मनाई केली, तरी ती बेदिक्कत मिळतात, आणि आरंभी उजळलेल्या चेहऱ्यावर पुढे पुटकुळ्या अधिकच उसळतात. मुरुमांवरील बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा अ‍ॅडापलीन या औषधांचा गुण येण्यास बहुधा 6 ते 8 आठवडे लागतात. तोवर मुलांना टोमणे नव्हे, आधार मिळावा.