पाठीवरचें बिऱ्हाड

लातुराहून माझ्या धाकट्या भावाचा दूरध्वनी येतो तो बहुधा आईच्या प्रकृतीविषयीं. मार्चअखेर आला तो मात्र निराळ्याच कारणानें. “अक्का, तूंच कांहीं सांगून पाहा तिला. एप्रिलच्या सुटींत घरीं येत नाहीं म्हणते. पाठीवर पोतें बांधून लाओस नांवाच्या देशांत हिंडायला जाणार, आणि तीही एकटी!”

‘ती’ म्हणजे माझी भाची. गेलीं दोन वर्षें ती बँकॉकच्या एका शाळेंत गणित शिकवते. तिकडे एप्रिलच्या मध्यास नव्या वर्षाचा सण येतो व शाळांना सुटी असते. त्या सुटींत तिनें लातुरास यावें आणि सांगून आलेलें एक चांगलें स्थळ पाहावें, असा घरांतील सर्वांचा बेत ठरला होता. पंधरा माणसांच्या घरांत एकदां बेत ठरला कीं तो सरकारी ठरावासारखा असतो. ज्याच्याविषयीं ठरला त्याला तेवढें विचारावयाचें राहून जातें.

मीं नांदेडहून तिच्याशीं बोललें. ती म्हणाली, “आत्या, स्थळाला मी नाहीं म्हटलेंच नाहीं, तें मेमध्यें पाहीन. पण ही नदी मला आतांच पाहावयाची आहे. पुढें कोणी जाऊं देईल कीं नाहीं, तूंच सांग.” यावर मला खरें उत्तर देतां येईना, म्हणून मीं तिला बरोबर न्यावयाच्या औषधांची यादी सांगितली.

त्या रात्रीं कपाटांतून धर्मानंद कोसंबींचें ‘निवेदन’ काढलें. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हें पुस्तक असेल. नसेल तर असावें. गोमांतकांतील सांखवाळ येथें १८७६ सालीं जन्मलेल्या या गृहस्थांनीं बुद्धाच्या चरित्राचा ध्यास घेऊन १८९९ च्या अखेरीस घर सोडलें. पुण्याहून ते काशीस गेले व तेथें अन्नछत्रांत जेवून संस्कृत शिकले. पुढें नेपाळांत गेले, तेथील बौद्धधर्माची अवस्था पाहून खिन्न झाले. बुद्धगयेवरून कलकत्ता व १९०२ सालीं सिंहलद्वीप गांठलें. तेथें सुमंगलाचार्यांपाशीं दीक्षा घेऊन पाली शिकले. नंतर ब्रह्मदेशांत भिक्षापात्र घेऊन राहिले. हेच कोसंबी १९१० पासून चार वेळां अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठांत जाऊन ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनाचें काम करून आले, आणि मधल्या कांहीं वर्षांत फर्ग्युसन कॉलेजांत पालीचे अध्यापक होते. आशियांतून पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणारा यापेक्षां अस्सल महाराष्ट्रीय प्रवासी मला तरी ठाऊक नाहीं.

परंतु त्या कथेंतील एका गोष्टीशीं मी दर वेळीं अडखळतें. घर सोडलें तेव्हां त्यांची मुलगी माणिक अगदीं तान्ही होती. संसार पुन्हां सुरळीत व्हावयास कांहीं वर्षें लोटलीं. बाळाबाईंनीं तीं वर्षें कशीं काढलीं याचें ‘निवेदन’ माझ्या कपाटांत नाहीं. विद्येसाठीं घर सोडणाऱ्या पुरुषाचीं आपण चरित्रें छापतों. स्वतःच्या पगारांतून तिकीट काढून दोन आठवडे हिंडूं पाहणाऱ्या मुलीला मात्र वेड लागलें म्हणतों. हें मीं भावाला बोलून दाखविलें. तो म्हणाला, “कोसंबी पुरुष होते.” मी म्हणालें, “आणि हिच्या मागें तान्हें मूल नाहीं.” त्यावर दूरध्वनी बंद झाला.

ती गेली. मागाहून तिनें लांबलचक पत्र धाडलें, तें लातुरास सर्वांसमक्ष मोठ्यानें वाचण्यांत आलें. पाठीवरची पिशवी नऊ किलोंची. दोन जोड कपडे, औषधें, आणि आजीनें हिवाळ्यांत बांधून दिलेलें मेतकूट व शेंगदाण्याची चटणी. आमच्या घरांतील पहिला प्रश्न अर्थातच जेवणाचा होता. त्या मुलखांत भाजींतसुद्धां माशांचा रस घालतात. परंतु थायलंडांत पिवळ्या पताकेवर तांबड्या अक्षरांत ‘जे’ लिहिलेलें दुकान दिसलें कीं निर्धास्त बसावें. तेथें मांसमत्स्य तर नसतेंच, पण कांदा-लसूणही वर्ज्य असते. हें वाचतांच आई म्हणाली, “म्हणजे त्यांचा बारा महिने चातुर्मासच कीं!” विरोध पहिल्यानें ढिला पडला तो येथें.

उत्तरेस चियांग खोंगपाशीं मेकाँग नदीवर २०१३ सालीं पूल झाला. तो ओलांडला कीं पलीकडे लाओसचें हुआय साय. तेथून लांबट लाकडी बोटीनें लुआंग प्रबांगपर्यंत दोन दिवस लागतात, मधली रात्र पाकबेंग नांवाच्या गांवीं काढावी लागते. पहिल्या दिवसाचें वर्णन पत्रांत पुष्कळ आहे, तें मी गाळतें. नदी, डोंगर आणि धुकें यांचें वर्णन सर्वांनाच साधतें.

पाकबेंगला तिला ताप भरला. दुसऱ्या दिवशींची बोट चुकली. दूरध्वनी यंत्र बंद पडलें. तिकडे काय चाललें आहे हें आम्हांस ठाऊक नव्हतें. लातुरास दोन दिवस कोणी कोणाशीं धड बोललें नाहीं. भावानें मला एकदांही दोष दिला नाहीं, आणि तेंच मला अधिक लागलें. कोसंबींचे दाखले देऊन मीं पोरीला नदींत लोटलें, असें माझेंच मन म्हणत होतें. तिकडे उतारशाळेच्या म्हाताऱ्या मालकिणीनें तिला तांदळाची पेज करून घातली, कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या आणि निघतांना मनगटाला पांढरा दोरा बांधला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पत्रांतील हा भाग माझी भावजय वाचूं शकली नाहीं. पुढचें धाकट्या दिरानें वाचलें.

लुआंग प्रबांगांत पहाटे भगवीं वस्त्रें नेसलेले भिक्षु रांगेनें निघतात, आणि बायाबापड्या रस्त्याच्या कडेला बसून बांबूच्या टोपलींतला चिकट भात प्रत्येकाच्या पात्रांत चिमूटचिमूट घालतात. कोणी बोलत नाहीं. छायाचित्रें काढणारे परदेशी पाहुणे जवळ घुसतात, त्याची तिला लाज वाटली, म्हणून ती लांब उभी राहिली. तिला आपल्या आजोबांची आठवण झाली. माझे वडील निजामशाहींत नांदेडास शिकावयास राहिले तेव्हां सात घरीं वार लावून जेवले. बुधवारचें घर सुटलें तर बुधवारीं उपास. कोणत्या घरीं ताक पातळ असे हें त्यांना म्हातारपणींही आठवत असे, पण घराचें नांव त्यांनीं कधीं सांगितलें नाहीं.

मग सण आला. थायलंडांत त्यास सोंगक्रान म्हणतात. हा आपलाच ‘संक्रांति’ शब्द. सूर्य मेषेंत शिरतो तो हा काळ. लाओसांतही त्याच सुमारास नवें वर्ष. प्रथम बुद्धमूर्तींवर व वडील माणसांच्या हातांवर सुगंधी पाणी घालावयाचें, आणि मग रस्त्यांत एकमेकांवर घागरीच्या घागरी. एका मुलीनें तिच्या हातीं भरलेली बादली दिली आणि फेकण्याची खूण केली. तिला ती फेकवेना.

लातूरकरांना याचें कारण सांगावें लागणार नाहीं. २०१६ सालीं मांजरा धरण आटलें होतें. मार्चांत पाण्याच्या ठिकाणीं पांचांहून अधिक माणसांनीं जमूं नये म्हणून जमावबंदीचा हुकूम निघाला. एप्रिलच्या १२ तारखेस मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी आली. दहा डबे, प्रत्येकांत पन्नास हजार लिटर. भाची तेव्हां दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. त्या महिन्यांत आमच्या घरीं भांडीं राखेनें घासून फडक्यानें पुसत, आणि धुण्याचें पाणी गाळून पुन्हां वापरीत. तिनें लिहिलें आहे: “तारीखही तीच जवळपासची. मीं बादली खालीं ठेवली. मग वाटलें, या लोकांचा सण मीं कां अडवावा? एका म्हाताऱ्या बाईच्या हातांवर ओंजळभर पाणी घातलें आणि उरलेलें एका झाडाला.”

परततांना ती आगगाडीनें व्हिएंतियानला आली. चीनपर्यंत जाणारा हा लोहमार्ग २०२१ सालीं सुरू झाला. बोटीला जेथें दिवस लागतात तेथें गाडीला दोन तासही लागत नाहींत. तिला बोटच आवडली.

मेमध्यें ती लातुरास आली. स्थळाची मंडळीही आली. मुलाच्या काकांनीं विचारलें, “लग्नानंतरही असा प्रवास करणार का?” घरांतील सर्वांनीं श्वास रोखून धरला. ती म्हणाली, “हो. त्यांना यावयाचें असेल तर दोघें जाऊं.” मुलगा हंसला, काका हंसले नाहींत. त्या मंडळींचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं. दरम्यान परवां भाऊ कांहीं कामासाठीं नांदेडास आला होता. जेवण झाल्यावर, निघतां निघतां, माझ्याकडचा आशियाचा मोठा नकाशा त्यानें मागून घेतला आणि गुंडाळी करून काखेंत धरून नेला.