सामना कुठे पाहावा, हा अभिरुचीचा प्रश्न नव्हे

फुटबॉलच्या विश्वचषकाचे दिवस आले की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून एक ठरावीक लेख हमखास येतो : मोठा सामना कुठे पाहावा. वांद्रे, अंधेरी, लोअर परळ येथील मद्यगृहांची यादी, पडद्याची लांबीरुंदी, प्रवेशाचे पैसे, खाद्यपेयांची वर्णने हे सारे त्यात असते. प्रेक्षकाविषयी मात्र अवाक्षर नसते. तो मुंबईत राहतो, मध्यरात्री टॅक्सीने घरी परतू शकतो आणि सकाळी सातला त्याला कारखान्याच्या फाटकाशी उभे राहायचे नसते, हे त्या लेखाचे न बोललेले गृहीतक. या आर्थिक गृहीतकाला आपण ‘अभिरुची’ असे गोंडस नाव दिले आहे. माझा आक्षेप या नामकरणालाच आहे.

चर्चगेटपासून शंभरेक किलोमीटरवरच्या बोईसरचे उदाहरण घेऊ. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९मध्ये सुरू झाले. शेजारी रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांची औद्योगिक वसाहत वाढली. दोहोंमुळे नाना प्रांतांतली माणसे येथे आली. त्यांत बंगाल-केरळसारख्या फुटबॉलवेड्या प्रांतांतलीही होती. दक्षिणेला वसईत हा खेळ आधीपासून रुजलेला होताच. २०१३मध्ये उपनगरी गाडी डहाणूपर्यंत पोहोचली, २०१४मध्ये पालघर जिल्हा झाला, २०२१मध्ये जिल्ह्याचे भव्य मुख्यालय उभे राहिले. प्रेक्षक आहे, रूळ आहेत, जिल्हा आहे. चार माणसांनी एकत्र बसून सामना पाहण्याची जागा तेवढी नाही.

१८ डिसेंबर २०२२ रोजी अर्जेंटिना आणि फ्रान्स यांचा अंतिम सामना आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू झाला. जादा वेळेअंती ३-३ अशी बरोबरी, मग पेनल्टी, आणि निकाल लागेपर्यंत साडेअकराचा सुमार. मुंबईत सामना पाहणाऱ्या बोईसरकराने काय करावे? रात्री तिकडे जाणाऱ्या गाड्या मोजक्या. पेनल्टीआधी उठावे, किंवा फलाटावर पहाटेची वाट पाहावी. दुपारपाळीचा कामगार तर अकराच्या सुमारास फाटकाबाहेर पडतो, म्हणजे नाट्य संपताना. बाईमाणसाने मद्यगृहात एकटीने जाऊन सामना पाहावा, ही सूचना करणाऱ्याने आधी स्वतःच्या आळीत ती करून पाहावी. ‘निवड’ हा शब्द ज्यांच्यासमोर एकाहून अधिक वाटा आहेत त्यांनी वापरायचा असतो.

यावर तयार उत्तर येते : हातात मोबाइल आहे, घरी बसून पाहा. २०२२ची स्पर्धा तर फुकट दिसत होती! या उत्तरात एक तांत्रिक आणि एक तात्त्विक अडचण आहे. इंटरनेटवरचे चित्र तुकड्यातुकड्यांनी साठवून मग दाखवले जाते, त्यामुळे ते केबल किंवा डिशच्या मागे राहते. शेजारच्या घरातली आरोळी आधी ऐकू येते, गोल नंतर दिसतो. घटना आपल्यापर्यंत बातमी होऊन पोहोचते. तात्त्विक अडचण अधिक गंभीर आहे. भरताने नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय प्रेक्षागृहाला दिला. विकृष्ट, चतुरस्र, त्र्यस्र असे प्रकार सांगितले आणि नाट्यगृह फार मोठे झाले तर नटाचा स्वर आणि मुखावरचे भाव हरवतात, असेही बजावले. जागा ही प्रयोगाची केवळ सोय नसून त्याच्या आस्वादाची अट आहे, हे त्याने जाणले होते. वर्गात आपण हे शिकवतो आणि वर्गाबाहेर हातभर अंतरावरच्या काचेला प्रेक्षागृह म्हणतो. याच जिल्ह्यातल्या वारल्यांचा तारपानाच पाहावा : वादकाभोवती वर्तुळ फिरते आणि पाहणारा केव्हा त्यात शिरेल याचा नेम नसतो. एकट्याने पाहणे ही समूहाने पाहण्याची छोटी आवृत्ती नव्हे. ती वेगळीच क्रिया आहे.

मग अडते कशावर? कायद्यावर म्हणाल, तर २००७च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून अधिसूचित झालेल्या क्रीडाप्रसंगांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देणे खाजगी वाहिन्यांवर बंधनकारक केले. सामना पाहणे हा काही अंशी तरी सार्वजनिक हक्क आहे, हे शासनाने तेथे मान्य केले. पण तो हक्क घराच्या उंबरठ्याशी थांबला, चौकापर्यंत आला नाही. स्वामित्वहक्क कायद्याचे ३७वे कलम परवान्याविना प्रक्षेपण लोकांना दाखवण्यास हरकत घेते ती शुल्क आकारले तर. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक नको, हा २०००चा नियम तर फुटबॉलच्या बाबतीत अडचणच नाही. समालोचन बंद ठेवा. चेंडू कुठे आहे हे सांगायला निवेदक लागत नाही, आणि जमावाला स्वतःचा आवाज असतोच.

गणेशोत्सवात पांढरा पडदा बांधून सिनेमा दाखवणारा हा महाराष्ट्र. पडदा कसा बांधावा, गर्दी कशी आवरावी, बायकामुलांना पुढे कसे बसवावे, हे मंडळांना शिकवावे लागत नाही. पटांगणे शाळा-महाविद्यालयांपाशी आहेत, मोकळी जागा मुख्यालयापाशी आहे. उपान्त्य सामने आणि अंतिम सामना एवढ्यांपुरती एक रात्रीची परवानगी व एक पडदा, याहून मोठी ही मागणी नाही. मध्यरात्रीच्या सामन्याला तर मद्यगृहापेक्षा घराजवळचे पटांगणच अधिक उपयोगाचे.

ही चर्चा साहित्याच्या अभ्यासकांपुढे कशासाठी, असे कोणी विचारील. कारण ‘रसिक’ ही संज्ञा आपण फार काळ फुकट वापरली. रसिकाला तिकीट, वाहन, मोकळी संध्याकाळ आणि निर्भय परतीचा रस्ता लागतो, हे आपल्या समीक्षेने क्वचितच हिशेबात धरले. मराठी नाटक जिल्ह्याच्या गावी का पोहोचत नाही, याचे उत्तर आपण प्रेक्षकाच्या संस्कारांत शोधतो. ते आधी गाडीच्या वेळापत्रकात, पाळ्यांच्या घड्याळात आणि कुलूप लावलेल्या पटांगणांत शोधावे. ज्या गावात सामना पाहायला जागा नाही, तेथे अभिरुचीच्या अभावाबद्दल हळहळण्याचा अधिकार आपल्याला नाही.