ती वाचली, हाच तिचा दोष?

हुंड्यासाठी छळलेल्या पत्नीच्या खुनाचा प्रयत्न बालाघाटच्या सत्र न्यायालयात शाबीत झाला, तरी प्रकरण तेथे मिटत नाही. अपील जबलपूरला जाते. (१९५६ पूर्वी ते नागपूरला जात असे, असो.)

आम्हांस विस्मय वाटतो तो कायद्यातील एका उफराट्या स्थितीचा. विवाहापासून सात वर्षांच्या आत स्त्री अनैसर्गिक रीतीने मेली आणि मृत्यूपूर्वी नजीकच्या काळात हुंड्यासाठी तिचा छळ झाल्याचे सिद्ध झाले, तर १९८६ पासून न्यायालय छळ करणाऱ्यासच हुंडाबळीचा गुन्हेगार गृहीत धरते. तीच स्त्री होरपळून वाचली, तर हे गृहीतक तिच्या कामी येत नाही. मारेकऱ्याचा हेतू शाबीत करण्याचा भार बहुधा तिच्या एकटीच्या साक्षीवर पडतो. आणि ती राहते कोठे? माहेरी, जेथे धाकटीचे लग्न व्हावयाचे आहे! मग चार वडीलधारे बसतात, 'झाले गेले विसर' म्हणतात, आणि फिर्यादीच फितूर होते.

मध्य प्रदेशातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये खुनाचा प्रयत्न हा समाजाविरुद्धचा गुन्हा ठरविला. केवळ तडजोडीखातर खटला रद्द होणार नाही, असे बजावले. निर्णय योग्यच. परंतु साक्षच फिरली तर न्यायाधीश काय करणार? गृहीतक वाढवा, असे आम्ही म्हणत नाही. जन्मठेपेपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात आरोपीसही संशयाचा फायदा मिळालाच पाहिजे. मात्र इस्पितळातच दंडाधिकाऱ्यासमोर तिचा जबाब त्वरित नोंदवावा, आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत तिच्या पोटगीत खंड पडू देऊ नये.