चालू-बंदच्या बटणाचा बंदोबस्त

पेढीची सुरक्षितता म्हटली की आमच्या पिढीस तिजोरी, कुलूप, पहारेकरी आणि विमा एवढ्याच गोष्टी आठवतात. तथापि आज पेढीचा सारा जमाखर्च, वखारीतील साठा, तोलाच्या पावत्या व जीएसटीची विवरणपत्रे ज्या एका पेटीत राहतात, तिला सर्व्हर म्हणतात. तिजोरीची किल्ली आपण कमरेस बाळगतो. परंतु सर्व्हरचे चालू-बंदचे बटण मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाताशी उघडे ठेवतो. ही विसंगती व्यापारी बंधूंच्या नजरेस आणावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्या देवासच्या पेढीवर हा सर्व्हर गादीलगत ठेवलेला होता. ऐन गव्हाच्या हंगामात, गाड्यांची रांग लागली असता, एका संध्याकाळी तो एकाएकी बंद पडला. पुन्हा चालू केल्यावर हिशेबाची फाइल उघडेना. जुनी प्रत तीन दिवसांपूर्वीची होती. तीन दिवसांच्या पावत्या मुनीमजींनी रात्री जागून पुन्हा चढविल्या, आणि तोवर शेतकऱ्यांचे पैसे अडकून राहिले. त्या वेळी यंत्राजवळ एक जुना हमाल उभा होता. आम्ही चारचौघांत त्यास नको ते बोललो. तो काही न बोलता निघून गेला.

आठवड्याने तेच घडले. या खेपेस गादीवर आमच्यावाचून कोणीही नव्हते. तेव्हा ध्यानी आले की, आम्ही रेलून बसलो की लोडाचे टोक त्या बटणावर दाबले जाते. आम्ही हमालाच्या घरी जाऊन त्याची क्षमा मागितली. तो कामावर परत आला, हा त्याचा मोठेपणा होय.

या बटणाचे गुपित असे. ते क्षणभर दाबले तर यंत्रातील प्रणालीस ‘आवरते घे’ अशी केवळ सूचना मिळते. प्रणाली चालू कामे संपवून, नोंदी लिहून, मग थांबते. परंतु तेच बटण सुमारे चार सेकंद दाबून धरले तर प्रणालीस न विचारता वीज तोडली जाते, आणि अर्धवट लिहिलेली नोंद तशीच राहते. आमच्या लोडाने हेच केले होते.

यावर उपाय आहेत. विंडोजमध्ये बटण दाबले असता ‘काहीही करू नये’ असे ठरविता येते. लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक यंत्रांतही तशीच आज्ञा देता येते. परंतु याने केवळ क्षणभराचे दाबणे निष्फळ होते. दाबून धरण्यास त्याचा अडथळा नाही. म्हणून यंत्राच्या दर्शनी भागावर कुलपाचे झाकण लावावे, अथवा जाणत्या कारागिराकडून बटणाची आतील तार काढून घ्यावी. यंत्र कपाटात ठेवल्यास हवा खेळती राहील इतकी मोकळीक असावी.

तथापि बंदोबस्ताचाही अतिरेक होतो. धारेस आमचे धाकटे बंधू वखार पाहतात. देवासची हकीगत ऐकून त्यांनी बटणाची तार काढविली आणि झाकणास कुलूप घातले. पुढे एके दिवशी बराच वेळ वीज गेली, यूपीएस रिकामा झाला आणि यंत्र थांबले. वीज आली, पण यंत्र सुरू होईना. कारण सुरू करण्याचे बटणही तेच! इंदुराहून कारागीर येईपर्यंत अर्धा दिवस तोल थांबला. वीज परत येताच यंत्राने आपोआप सुरू व्हावे, अशी सोय त्याच्या मूळ मांडणीत, म्हणजे बायोसमध्ये, बहुधा असते. बटण निकामी करण्यापूर्वी ती चालू करावयास हवी होती.

मोठ्यांसही हे चुकलेले नाही. २७ मे २०१७ रोजी लंडनजवळील एका संगणक-केंद्रात वीज तोडली गेली व ती बेशिस्तपणे परत जोडली गेल्याने ब्रिटिश एअरवेजचा कारभार कोलमडला. सुमारे ७५,००० प्रवाशांचा खोळंबा झाला. दोष केवळ बटणात नसतो. ते कोणी, केव्हा आणि कोणत्या क्रमाने वापरावे हे ठरलेले नसण्यात असतो.

आमचे देवास १९४८ साली मध्यभारतात विलीन होईपर्यंत थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन राज्यांत वाटलेले होते. एका नगरास दोन दरबार चालले. पेढीच्या एका यंत्रास मात्र दोन धनी चालत नाहीत. झाकणाची किल्ली एका जबाबदार माणसाकडे असावी, दुसरी मोहोरबंद पाकिटात तिजोरीत असावी, आणि यंत्र केव्हा व कोणी बंद केले याची नोंद वहीत व्हावी. आगीच्या प्रसंगी वीज तोडण्याचा मुख्य खटका मात्र सर्वांस ठाऊक व मोकळा असावा. त्यास कुलूप घालणे हा अपराध होईल.

कोणी म्हणतील, एवढ्याने चोरी टळेल काय? टळणार नाही. आमच्याच गावच्या बँक नोट प्रेसमध्ये कडक पहारा असूनही जानेवारी २०१८ मध्ये आतलाच एक अधिकारी नोटा लपवून नेताना पकडला गेला. झाकण हे चुकलेल्या हातासाठी आहे. बिघडलेल्या मनासाठी हिशेबाची तपासणी आणि रोजची प्रत हवी. जीएसटीच्या नियमांतही अपघाताने नोंदी नष्ट झाल्यास त्या वाजवी मुदतीत परत मिळतील अशी प्रत राखणे बंधनकारक आहे. आमची प्रत रोजची असती तर तीन रात्री वाचल्या असत्या.

सारांश, बटणाचा बंदोबस्त करावा, पण विचाराने करावा. आणि यंत्र बंद पडले तर जवळ उभ्या असलेल्या गरिबाकडे बोट दाखविण्यापूर्वी आपला लोड कोठे टेकला आहे, ते आधी पाहावे.