संदेश सल्ल्याचा की विक्रीचा?

गेल्या भाद्रपदात एका शेतकऱ्याने मला मोबाइलवर छायाचित्र पाठवले. चवळीच्या शेंड्यावर मावा दाटलेला होता आणि त्यात करड्या-काळ्या रंगाची, अंगावर नारिंगी ठिपके असलेली, इवल्याशा मगरीसारखी दिसणारी एक अळी होती. खाली प्रश्न होता, ‘हे औषध चालेल का?’ औषध मी सुचवलेले नव्हते. तेच छायाचित्र त्याने आधी वनस्पतिजन्य अर्क तयार करणाऱ्या एका लघुउद्योजकाला खासगी संदेशाने पाठवले होते आणि काही मिनिटांतच उत्तर आले होते : अळीचा प्रादुर्भाव आहे, आमचा अर्क फवारा, आजच मागवा, घरपोच मिळेल. ती अळी ढालकिड्याची होती. मावा खाऊन जगणारी. शेतात फुकट राबणारा मजूर मारण्यासाठी शेतकऱ्याला पैसे मोजायला सांगितले गेले होते.

हा विक्रेता लबाड होता असे मला वाटत नाही. त्याला अळी ओळखता आली नाही, एवढेच. ढालकिड्याचा प्रौढ भुंगेरा सर्वांच्या परिचयाचा असतो. त्याची अळी मात्र अनुभवी शेतकऱ्यालाही फसवते. पण हाच प्रश्न गावाच्या गटात विचारला गेला असता, तर एखादा कृषी सहायक किंवा शेतीशाळेला बसलेली एखादी ताई लगेच म्हणाली असती, ‘अहो, हा तर मित्रकीटक!’ खासगी संदेशात असे तिसरे माणूस नसते. विचारणारा एक, सांगणारा एक, आणि सांगणाऱ्याजवळच विकायची बाटली. माझा आक्षेप नेमका या रचनेला आहे.

खासगी संदेशाने विक्री करूच नये, असे मात्र मी म्हणणार नाही. किंबहुना जैविक निविष्ठांच्या लहान उत्पादकाला याहून सोयीचे साधन सापडणे कठीण आहे. ट्रायकोकार्डाचेच पाहा. कार्डावर चिकटवलेल्या कॉर्सिरा पतंगाच्या सुमारे २०,००० अंड्यांमध्ये ट्रायकोग्रामा वाढत असतो आणि साधारण सात-आठ दिवसांत प्रौढ बाहेर पडतो. थंड जागी ठेवून ही मुदत थोडी लांबवता येते, पण दुकानाच्या फळीवर हंगामभर ठेवण्याजोगा हा माल नव्हे. उसाच्या खोडकिडीसाठी हेक्टरी ५०,००० परोपजीवी, म्हणजे एकरी साधारण एक कार्ड, सात ते दहा दिवसांच्या अंतराने सोडायचे असते. कोणाची लागवड कधीची, क्षेत्र किती, आठवड्याला किती कार्डे लागतील, हे आधी कळले तरच प्रयोगशाळेत तेवढी अंडी तयार ठेवता येतात. ही नोंद ठेवण्यासाठी आणि ‘कार्ड आज संध्याकाळच्या गाडीने येत आहे, पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला टाचा, पुढचे काही दिवस कीटकनाशक फवारू नका’ असे वेळेवर कळवण्यासाठी खासगी संदेशच हवा. अशा संदेशात विक्री आहे आणि सेवाही आहे.

अशाच एका होतकरू उत्पादकाला मदत करावी म्हणून काही वर्षांपूर्वी मी प्रशिक्षणाच्या हजेरीपटावरील दूरध्वनी क्रमांक त्याच्या हाती दिले. हेतू चांगला होता, कृती चुकीची. पंधरवड्याच्या आत त्या शेतकऱ्यांना रोज सकाळी सुविचार आणि त्याखाली दरपत्रक येऊ लागले. ज्यांच्या शेतात ऊस नव्हता त्यांनाही कार्डांची जाहिरात, आणि कापूसवाल्यांना द्राक्षाच्या टॉनिकची. काहींनी त्याचा क्रमांक अडवला. ते साहजिक होते. पण बोंडअळीच्या सापळ्यांबाबत मी पाठवलेला इशाराही त्यांतील काहींनी न उघडताच पुसून टाकला, हे मला नंतर शिवारफेरीत कळले. ‘सर, तुमचाही मेसेज विक्रीचाच वाटला,’ असे एकाने तोंडावर सांगितले. सलग तीन रात्री कामगंध सापळ्यात सरासरी आठ किंवा अधिक पतंग आले की गुलाबी बोंडअळीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, असे आपण मानतो. तो निरोप त्या वेळी वाचला न जाणे ही साधी गोष्ट नव्हती.

ज्या कारणासाठी क्रमांक घेतला त्याच कारणासाठी तो वापरावा, हे तत्त्व २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही आहे. मी ते कायद्याआधी आणि जरा महागात शिकलो. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीची रचनाही येथे उद्बोधक वाटते : ज्याने तुमचा क्रमांक आपल्याकडे जतन केला आहे, त्यालाच तो संदेश पोहोचतो. अनेक लहान उत्पादक ही अडचण समजतात आणि एकेकाला स्वतंत्र संदेश पाठवत बसतात. मला ती अडचण वाटत नाही. ज्याला आपला क्रमांक जतन करावासा वाटला नाही, तो अद्याप आपला ग्राहक झालेला नाही.

दुसरी बाब पावतीची. दुकानातून घेतलेल्या बाटलीचे बिल मिळते, त्यावर बॅच क्रमांक असतो आणि वाद झालाच तर गुणवत्ता नियंत्रण निरीक्षकाकडे जाता येते. खासगी संदेशावर ठरून कुरिअरने आलेल्या बाटलीचे बहुधा यातले काहीच नसते. बऱ्हाणपूरच्या केळी बागायतदाराने दुसऱ्या राज्यातल्या विक्रेत्याकडून माल मागवला, तर तक्रार कुठे करायची हेही त्याला ठाऊक नसते. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे. त्यानुसार नोंदणी नसलेले कीटकनाशक दुकानात विकता येत नाही आणि मोबाइलवरूनही विकता येत नाही. जैव-उत्तेजकेही २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आहेत. तरीही ‘शंभर टक्के सेंद्रिय, सर्व किडींवर एकच उपाय’ असा मजकूर खासगी संदेशांतून बिनदिक्कत फिरतो. सर्व किडींवर चालणारा एकच उपाय मला वीस वर्षांच्या अभ्यासात भेटलेला नाही.

म्हणून विस्तार कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की शेतकऱ्यांच्या याद्या कोणालाही देऊ नका, उत्पादक कितीही गुणी असला तरी. त्याचा क्रमांक शेतकऱ्यांना द्या. ज्याला गरज असेल तो स्वतः संपर्क साधेल. आणि जे प्रगतिशील शेतकरी स्वतः गांडूळखत, मध, रोपे किंवा मित्रकीटक विकतात, त्यांनी ग्राहकाने पाठवलेल्या किडीच्या छायाचित्रावर औषध सुचवू नये. ‘हे कृषी विज्ञान केंद्राला दाखवा’ एवढेच उत्तर पुरे. त्यात एखादी विक्री हुकेल, हे मान्य आहे. छायाचित्रावरून आम्हालाही नेहमी ओळख पटत नाही. कपाशीचे लाल पान तुडतुड्यांमुळे आहे की मॅग्नेशियमच्या कमतरतेमुळे, हे पान उलटून पाहिल्याशिवाय मी सांगत नाही.

आमच्या हजेरीपटावर आता दोन रकाने आहेत. एक सल्ल्याच्या संदेशांसाठी, दुसरा उत्पादकांकडून माहिती हवी असल्यास. दुसरा रकाना बरेच जण रिकामा सोडतात. तो ट्रायकोकार्ड उत्पादक अजून त्याच व्यवसायात आहे. त्याची यादी पूर्वीपेक्षा खूप लहान झाली आहे. पण यादीतील प्रत्येक नावापुढे उसाच्या लागवडीची तारीख लिहिलेली असते.