मध्यरात्री उभे राहिलेले बाळ

अमरावतीतील एखादे व्यापारी कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. सातव्या महिन्यापर्यंत रात्री सलग पाच-सहा तास झोपणारे बाळ नववा महिना लागताच एकाएकी दर दीड-दोन तासांनी उठू लागते. ताप नाही, पोट बिघडलेले नाही, दिवसा हसतेखेळते आहे. आणि रात्री दोन वाजता पाळण्याची कड धरून उभे राहते व टाहो फोडते. अशा चार रात्री गेल्या की सकाळी चहाच्या वेळी घरात निदाने सुरू होतात. आजेसासूबाई म्हणतात, दृष्ट लागली. सासूबाई म्हणतात, दात येताहेत. अकोल्याहून आत्याबाई फोनवर सांगतात, आईचे दूध आता पुरत नसेल. सासरे काही बोलत नाहीत, पण वर्तमानपत्राची घडी जरा जोरानेच घालतात. तिसऱ्या-चौथ्या निदानापर्यंत बोट हळूच आईकडे वळलेले असते, आणि त्या बिचारीला चार रात्रींची झोप नसल्यामुळे उत्तरही सुचत नाही.

या वयात बाळाला बहुधा त्याची वाढच जागी करीत असते. आठव्या ते दहाव्या महिन्यात बाळ रांगू लागते, धरून उभे राहू लागते. दिवसभर चाललेली ही मेहनत रात्रीही थांबत नाही. अर्धवट झोपेत ते उठून उभे राहते. उभे राहणे साधलेले असते, खाली बसणे मात्र अजून यायचे असते. अडकलेले बाळ मग हाक मारते. त्याच्या झोपेचे एक आवर्तन सुमारे तासाभराचे, मोठ्यांपेक्षा आखूड असते. दोन आवर्तनांच्या सांध्यावर ते पूर्वीही चाळवत होते, पण कूस बदलून पुन्हा झोपत होते. आता त्या सांध्यावर त्याला करण्यासारखे पुष्कळ असते.

दुसरा बदल मनाचा आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी स्वतःच्या तीन मुलांचे बारकाईने निरीक्षण करून एक साधी गोष्ट टिपली होती. लहान तान्ह्याचा खुळखुळा रुमालाखाली झाकला की त्याच्या लेखी तो संपतो. आठव्या महिन्याच्या सुमारास मात्र बाळ रुमाल ओढून खुळखुळा शोधू लागते. डोळ्यांआड झालेली वस्तू नाहीशी होत नाही, हे त्याला उमगते. मग डोळ्यांआड झालेली आईसुद्धा कुठेतरी आहे, फक्त आपल्याजवळ नाही, हेही उमगते. रात्री दोनचे रडणे पुष्कळदा या शोधाचे असते. आजवर कोणाच्याही कडेवर जाणारे बाळ याच सुमारास पाहुण्यांना पाहून तोंड लपवू लागते, ते याच कारणाने.

हे न कळल्यामुळे जे उपाय सुचतात, त्यांतील काही घातक असतात. इथे थोडे थांबणे आवश्यक आहे. रडणारे मूल गुंगीने शांत करण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. ब्रिटिश सरकारने १८९३ मध्ये नेमलेल्या अफू आयोगापुढे तान्ह्या मुलांना अफू देण्याची चाल निरनिराळ्या प्रांतांतून नोंदली गेली. पुढे मुंबईत गिरणीत जाणाऱ्या माता ‘बाळगोळी’ देऊन मूल घरी निजवून ठेवीत, कारण दुसरा आधारच नव्हता. आज अफू गेली. निजवून टाकण्याचा मोह मात्र गेलेला नाही. गुटी उगाळताना जायफळाचा एक वेढा द्यायचा, तिथे झोप यावी म्हणून चार-पाच दिले जातात. जायफळ जास्त प्रमाणात विषारी ठरते, आणि सहाणेवरचा वेढा हे काही माप नव्हे; हात जड पडला की मात्रा दुप्पट होते.

सर्दीच्या औषधाने मूल छान झोपते, हे शेजारणीचे सांगणे तर सर्वांत धोक्याचे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलएफ्रिन यांचे मिश्रण असलेले औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापणे बंधनकारक केले. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात विदर्भाला लागून असलेल्या छिंदवाडा भागात विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार चालले होते. ती औषधे खोकल्यासाठी दिली होती, झोपेसाठी नव्हे, हे खरे. पण ज्या बाळाला खोकलाही नाही त्याच्या तोंडी बाटली लावण्यापूर्वी ही घटना आठवावी.

मधाचे बोट चाटवण्याबाबत जैन घरांना वेगळे सांगावे लागत नाही. मध हा महाविगयांत गणलेला आणि श्रावकाने वर्ज्य मानलेला पदार्थ. वैद्यकशास्त्रही एक वर्षाखालील मुलाला मध देऊ नये असेच सांगते, कारण त्यातील जिवाणूंची बीजे तान्ह्याच्या आतड्यात विष निर्माण करू शकतात. तरीही गुटी मधातच उगाळावी असा आग्रह धरणारे कोणी आप्त भेटतात. त्यांना दोन्ही कारणे सांगता येतील.

आता घराच्या घड्याळाकडे पाहू. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरात बाळाचा वरण-भातही साडेसहापर्यंत होतो, स्वयंपाकघर शांत होते, आणि सातनंतर दिवे मंद करता येतात. बाळाच्या झोपेला इतका अनुकूल रिवाज शोधून सापडायचा नाही. पण हा लाभ रात्री साडेनऊला हातचा जातो. दुकान बंद करून, रोजमेळ जुळवून वडील घरी येतात. दिवसभरात लेकराचे तोंड पाहिलेले नसते. नुकतेच डोळे मिटलेल्या बाळाला उचलून हसवले जाते. कापसाच्या हंगामात तर घरी येण्याचा नेमच उरत नाही. वडिलांची ओढ खोटी नाही. तिची वेळ तेवढी बदलावी: सकाळी दुकान उघडण्यापूर्वीचा अर्धा-पाऊण तास बाळाचा. आणि निघताना डोळा चुकवून पळू नये. हात हलवून, सांगून निघावे. क्षणभर रडेल, पण जाणारा माणूस परत येतो हे अशानेच शिकेल. तोंडावर पदर घेऊन ‘बुवा कुक’ करण्याचा खेळ तेच शिकवतो.

निजवताना रोज तोच क्रम असावा: अंग पुसणे, दूध, मंद स्वरात नवकार, मग पाळणा. रात्री उठले की दिवा लावून दिवाणखान्यात नेऊ नये, मोबाइलवर गाणी लावू नयेत. जवळ जावे, हळूच खाली बसवावे, पाठीवर हात ठेवावा. खाली बसण्याचा सराव दिवसा खेळताना करून घेतला तर अर्धे काम होते. झोळी किंवा उथळ पाळणा मात्र उभ्या राहणाऱ्या बाळासाठी आता धोक्याचा. जमिनीवर घट्ट गादी बरी. दिवसाच्या दोन डुलक्या चुकवून रात्री गाढ झोपेल हा हिशेब तोट्याचा ठरतो, दमलेले मूल अधिकच उठते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये चार ते अकरा महिन्यांच्या बाळांसाठी दिवसरात्र मिळून १२ ते १६ तासांची झोप सांगितली आहे.

चैत्र-वैशाखातील वऱ्हाडी रात्री हा वेगळाच विषय. पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा मोठेही झोपत नाहीत. सुती झबले, मच्छरदाणी, कूलरचा झोत अंगावर न येईल अशी जागा, आणि अधूनमधून उकळून गार केलेल्या पाण्याचे घोट एवढे पुरते. माहेरच्या फेऱ्यांचाही झोपेवर परिणाम होतो. जून २०२२ मध्ये अमरावती–अकोला महामार्गाचा ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत डांबरीकरण होऊन विक्रमात नोंदला गेला. त्या रस्त्याने अकोल्याला जाऊन आलेल्या बाळाची झोप रुळावर यायला पुष्कळदा त्याहून अधिक वेळ लागतो. सोबत त्याची रोजची चादर न्यावी, न धुता.

ताप, कान ओढणे व आडवे करताच किंचाळणे, वारंवार उलटी, धाप, दूध टाळणे, लघवी कमी होणे यांपैकी काही दिसले तर मात्र सकाळची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. पंधरा दिवसांनीही बाळ झोपेत फार तळमळत असेल तर लोहाची चौकशी करावी. सहा महिन्यांनंतर केवळ दुधातून लोह पुरत नाही; डाळी, नाचणी व वर लिंबाचा थेंब उपयोगी, आणि सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा लोहाचे औषध देण्याची सरकारी योजनाही आहे. एरवी हा काळ बहुधा दोन ते सहा आठवड्यांत सरतो.

उरते ती आई. तिला उपदेश नको, झोप हवी. अनेक घरांत आजी पहाटे साडेचारला उठून सामायिकाला बसतात. अठ्ठेचाळीस मिनिटांचा नेम संपला की साडेपाच वाजतात, आणि नवव्या महिन्यातले बाळ नेमके त्याच सुमारास दिवस सुरू झाला असे ठरवते. आजींनी त्याला उचलून अंगणात न्यावे, पक्षी दाखवावेत, आणि खोलीचे दार ओढून घ्यावे. सात वाजेपर्यंत ते दार कोणी उघडू नये, चहासाठीसुद्धा.