भिंतीवरची 'दीवार'

परवा पुतणीने व्हॉट्सअॅपवर एक फोटो पाठवला. आसनगावच्या नव्या फ्लॅटचा हॉल, करड्या रंगाचा सोफा आणि त्याच्या वर काळ्या फ्रेममध्ये 'दीवार'चं पोस्टर. खांद्यावर दोर टाकलेला अमिताभ. खाली प्रश्न : "काका, कसं दिसतंय?"

मी लगेच "मस्त" असं लिहून मोकळा झालो. पण खरं सांगायचं तर मला त्यावर बरंच काही म्हणायचं होतं आणि ते तिथे मावणारं नव्हतं. म्हणून इथे लिहितोय. दादा हे वाचेलच. त्याने रागावू नये, म्हणजे झालं.

आमचं डोळखांबचं जुनं घर कुडाचं. कारवीच्या काठ्या, त्यावर माती-शेणाचा गिलावा, दरवर्षी नव्याने सारवण. ज्यांनी आमच्याकडचा पाऊस पाहिलाय त्यांना सांगायला नको, श्रावणापर्यंत भिंतीला ओल यायची आणि फटींतून वारा थेट अंथरुणात. म्हणून गावात बहुतेकांच्या घरी भिंतीला कागद चिकटवलेले असायचे. वर्तमानपत्रं, 'रसरंग'ची पानं, कॅलेंडरातले देव आणि जत्रेत मिळणारे नटनट्यांचे रंगीत कागद. गणपतीशेजारी हेमामालिनी आणि तिच्याशेजारी शिवाजी महाराज, यात कुणाला काही वावगं वाटत नसे. भातसा-तानसाचं पाणी आमच्या तालुक्यातून मुंबईला जातं. बदल्यात मुंबईने आम्हाला काय दिलं, तर सिनेमा! असं आमचा एक मित्र म्हणायचा.

आमच्या घरात मात्र हे चालत नसे. आप्पा प्राथमिक शाळेत मास्तर. त्यांच्या मते घराच्या भिंतीवर देव, वडीलधारे आणि टिळक-गांधी-आंबेडकर यांनाच जागा. बाकी सगळं म्हणजे थेर.

१९८२ ची गोष्ट. त्या वर्षी 'कुली'च्या शूटिंगमध्ये अमिताभला लागलं आणि देशभर लोक त्याच्यासाठी नवस बोलत होते. आमचा दादा त्यातलाच एक. दिवाळीच्या आधी तो कल्याणला गेला आणि तिथे एका थिएटरबाहेर पोस्टरं चिकटवणाऱ्या माणसाकडून दोन रुपयांना 'दीवार'चं जुनं पोस्टर घेऊन आला. ३० बाय ४० इंचांचं, चार घड्या घातलेलं. चिकटवायची पद्धतही त्यालाच विचारून आला होता. मैद्याची खळ करायची, त्यात चिमूटभर मोरचूद घालायचं म्हणजे वाळवी लागत नाही. आईला नकळत मैदा घेऊन रात्री त्याने ते ओटीवर, अगदी दारासमोर चिकटवलं. मी कंदील धरून उभा होतो. म्हणजे गुन्ह्यात मीही सामील!

सकाळी आप्पांनी पाहिलं. काही बोलले नाहीत. एका कोपऱ्याला धरलं आणि ओढलं. दादाची खळ इतकी पक्की झाली होती की कागदाबरोबर गिलावाही आला. परातीएवढं भगदाड पडलं आणि आतल्या कारवीच्या काठ्या दिसायला लागल्या. आईने संध्याकाळी माती कालवून ते बुजवलं, पण नव्या मातीचा तुकडा वेगळाच दिसत राहिला. पुढच्या जूनमध्ये दादा नोकरीसाठी भिवंडीला गेला आणि गणपतीला आला नाही, दिवाळीलाही नाही. पोस्टर हे काही एकमेव कारण नव्हतं. पण आई उंबऱ्यात बसली की तिची नजर त्या ठिगळावर जायची, हे मी पाहिलंय.

मग पौषात आप्पा म्हशाच्या यात्रेला गेले. दरवर्षी जायचे, घोंगडी नाहीतर कासरा घेऊन यायचे. त्या वर्षी काखेत कागदाची गुंडाळी. आईकडे खळ मागितली, स्वतः चिकटवलं, बरोबर त्या ठिगळावर. मी शाळेतून आलो आणि बघतच राहिलो. भिंतीवर विनोद खन्ना!

आप्पांनी आयुष्यात सिनेमा पाहिलेला नव्हता. उंच, देखणा, हिंदी सिनेमातला, म्हणजे हाच तो असणार, असा त्यांचा हिशेब. मी सांगायला तोंड उघडलं तर आईने डोळ्यांनीच गप्प केलं. गंमत म्हणजे तेव्हा विनोद खन्नाही सगळं सोडून रजनीशांच्या आश्रमात गेलेला होता.

दादा शिमग्याला आला. ओटीवर उभा राहून बराच वेळ बघत होता. आप्पा सुपारी कातरत होते. दादा एवढंच म्हणाला, "चांगलं लावलंय." चूक त्याने सांगितली नाही. आप्पांना शेवटपर्यंत कळलं नाही. २००६ साली घर पाडून विटांचं बांधलं, तेव्हा तो कागद चुलीच्या धुराने इतका काळवंडला होता की विनोद खन्ना काय आणि अमिताभ काय, ओळखायची सोय राहिली नव्हती. वाचवावा असं वाटलं, पण मातीबरोबरच तो ढासळला.

आता ही पोस्टरं 'व्हिंटेज' झालीत. त्यांचं कौतुक व्हायलाच हवं, याबद्दल वाद नाही. ती रंगवणारी माणसं खरोखर मोठी होती. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर आपल्याकडच्या, आज शिल्लक असलेल्या चित्रांच्या पोस्टरांत सर्वांत जुनं मानतात. कल्याण म्हणजे आमचंच कल्याण बरं का! १९६० च्या 'मुघल-ए-आझम'ची पोस्टरं जी. कांबळेंची, 'दीवार'चं दिवाकर करकरेंचं. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने अशी पोस्टरं जपली हे फार चांगलं झालं. पुढे संगणक आणि फ्लेक्स आले आणि ब्रश घेऊन बसणाऱ्यांचं काम गेलं. आमच्या भागात आज सिनेमाचे आणि पुढाऱ्यांचे जुने फ्लेक्स पावसाळ्यात पेंढ्यावर नाहीतर झोपडीवर टाकलेले दिसतात. म्हणजे पोस्टर अजूनही वारा-पाऊसच अडवतंय.

मला खटकतं ते वेगळंच. झोपडीच्या भिंतीवर असतं तेव्हा जे 'बटबटीत', तेच फ्रेम करून फ्लॅटमध्ये लावलं की 'टेस्ट'! घर सजवण्याच्या लेखांत सांगतात, सोफ्याच्या रंगाला शोभेल असं पोस्टर निवडा. मला हे पटत नाही. रंगाला शोभणारं काहीही चालत असेल तर मग भिंतीला नुसता रंगच द्यावा. जे आपल्याला किंवा आपल्या माणसाला मनापासून आवडलं, ज्याच्यासाठी कुणी बोलणी खाल्ली, ते लावावं. शोभो न शोभो. चुकीचं का असेना!

पुतणीला मी शेवटी फोन केला. विचारलं, "हेच का निवडलंस गं?" म्हणाली, "बाबांना आवडतो ना तो सिनेमा. त्यांच्या वाढदिवसाला आणलंय. पण काका, बाबा बघून काहीच बोलले नाहीत. नुसते उभे राहिले."

तिला विनोद खन्नाची गोष्ट माहीत नव्हती. आता कळेल.